क, ख, ग आणि एकूण

वॅटमध्ये मिलिमीटर मिळवता येत नाहीत, ही गोष्ट पन्नाशीच्या माणसाला भर कार्यालयात उभं राहून दुसऱ्या एका पदवीधर माणसाला समजावून सांगावी लागावी, याहून मोठा अपमान तळटीप यांच्या मते जगात नव्हता. आणि तो त्यांना एकदा नव्हे, चार वेळा सोसावा लागला. चौथ्या वेळी तर समोरच्या माणसाने मध्येच "एक मिनिट हं" म्हणून फोन उचलला आणि मावसभावाच्या घराच्या रंगावर पंधरा मिनिटं चर्चा केली. तळटीप तेवढा वेळ उभे होते. बसा म्हणायची त्या कक्षात पद्धत नव्हती.

तळटीप हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. कुठलंही विधान पुरवणी जोडल्याशिवाय तोंडाबाहेर सोडायचं नाही, ही त्यांची जन्माची खोड. कोणी "आज उकडतंय" म्हणालं, की हे म्हणणार, "खिडकीपाशी. आत तितकं नाही." लग्नाला होकार देतानासुद्धा त्यांनी "माझ्याकडून तूर्तास हरकत नाही" असं म्हटलं होतं, असं त्यांची बायको अजून पाहुण्यांना सांगते. अशा माणसाला कार्यालयाने तळटीप म्हणावं यात कार्यालयाची काही चूक नाही.

संस्थेच्या गणनकक्षात त्यांना बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत त्यांनी एकतीस अहवाल लिहिले आणि एकतीसही त्या त्या वेळच्या संचालकांच्या नावाने गेले. खाली डाव्या कोपऱ्यात, भिंग लावलं तर दिसेल अशा अक्षरात, 'टंकलेखन साहाय्य: गणनकक्ष' एवढं छापलेलं असे. तळटीप टंकलेखन करत नसत, ही गोष्ट त्यांनी तीन संचालकांच्या कानावर घातली होती. तिघांनीही "बघू" म्हटलं होतं.

म्हणून एका सोमवारी संचालकांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, "हा अहवाल तुमच्याच नावाने जाऊ दे," तेव्हा तळटीपांनी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. संचालकांचा मोठेपणा असा, की त्यांना विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"डेटा सेंटरसाठी ते ग्राफिक्स प्रोसेसर घ्यायचेत," ते म्हणाले. "तीन विभागांची मागणी आहे. बाजारात तीन चांगले आहेत म्हणतात. मागवून घ्या, तुलना करा आणि सगळ्यात भारी कोणता ते सांगा."

"कोणत्या कामासाठी भारी, त्यावर अवलंबून आहे साहेब."

"ते तुम्ही बघा. मला फक्त भारी कोणता ते सांगा."

इथे वाचकांसाठी एक खुलासा. ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे संगणकात बसवायचं एक जाड कार्ड. नावात ग्राफिक्स असलं तरी हल्ली ते चित्रं कमी काढतं आणि हिशेब जास्त करतं. हजारो छोटे हिशेब एकदम. पण कोणतं कार्ड कोणते हिशेब झपाट्याने करेल हे ज्याच्या त्याच्या घडणीवर ठरतं, आणि तळटीपांना आयुष्यात जर कशाबद्दल मनापासून प्रेम वाटलं असेल तर ते या शेवटच्या वाक्याबद्दल.

विक्रेत्यांनी तीन कार्डं चाचणीला पाठवली. पक्षपात नको म्हणून नियमाप्रमाणे नावं झाकून त्यांना क, ख, ग म्हणायचं ठरलं. क नव्या घडणीचं, अगडबंब, मेमरी भरपूर. नवीन एआय मॉडेलला लाखो पानं वाचायला लावून शिकवायचं असेल तर त्याच्यासारखं कोणी नाही. पण शिकवण्याला ढोबळ हिशेब पुरतात म्हणून कारखान्याने त्यातली सूक्ष्म हिशेबाची जागा कापून टाकली होती. ख दिसायला बेताचं, पण पंधराव्या दशांशस्थळापर्यंत चोख. ग लहानखुरं, विजेला अगदी कमी, पण तयार मॉडेलकडून उत्तरं काढून घ्यायला पुरेसं, आणि तिघांत खरोखरीची चित्रं काढू शकणारं हे एकटंच.

पहिल्याच दिवशी तळटीपांनी क जोडलं आणि अख्खा मजला अंधारात गेला. चाचणीची खोली आणि बैठकीची खोली एकाच फ्यूजवर होत्या, ही माहिती इमारतीच्या नकाशात नव्हती. बैठकीच्या खोलीचं दार विजेवर उघडणारं. आत संचालक आणि खरेदी कक्षाचे बाबू वीस मिनिटं अडकून पडले. तळटीप घाबरून दाराबाहेर क्षमा मागत राहिले. दार उघडल्यावर संचालक घाम पुसत बाहेर आले आणि कौतुकाने म्हणाले, "दम आहे हं त्याच्यात!" तळटीपांनी सांगितलं की हा दम नसून खादाडपणा आहे. ते कोणी ऐकलं नाही.

मग त्यांनी तीन आठवडे तीन विभागांची खरी कामं तिन्ही कार्डांवर चालवून पाहिली. पत्रोत्तर विभागात लोकांची दिवसाला चाळीस पत्रं येत. ग प्रत्येकाचा मसुदा चार सेकंदांत करून देई. क एका सेकंदात करी, आणि उरलेला दिवसभर नुसतं बसून वीज खाई. चित्र विभागाला इमारतींची हलती चित्रं हवी होती. तिथे ग सोडून बाकी दोघं निरुपयोगी. राहिला पूर विभाग.

पूर विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे पूरबाई म्हणत. वरच्या धरणातून पाणी सुटलं की ते सहा तासांत खालच्या बाजारपेठेत पोचे. ते किती चढेल याचा हिशेब जुन्या यंत्रावर सात तास चाले.

"आमचा अंदाज कधी चुकत नाही," पूरबाई म्हणायच्या. "फक्त पाणी त्याच्याआधी येतं. गेल्या वेळी मी अंदाज घेऊन फोन केला तर तिथला दुकानदार छपरावरून बोलत होता. काय सांगू मी त्याला? की तुमच्या दुकानात पाणी येणार आहे?"

पाण्याचा हिशेब ढोबळ चालत नाही. एका पायरीला झालेली बारीकशी चूक पुढच्या पायरीला फुगते आणि शंभराव्या पायरीला नदी डोंगर चढायला लागते. तळटीपांनी पूरबाईंची नदी क वर चालवली, अकरा तास लागले. ग वर चालवली, मेमरी संपून ते निम्म्यात थांबलं. ख वर चालवली, दोन तास चाळीस मिनिटं. पूरबाईंनी आकडा पुन्हा पुन्हा पाहिला, मग पदराने चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "हे मला मिळवून द्या. बाकी काही नको."

"मिळणारच," तळटीप म्हणाले. त्यांनी या विधानाला पुरवणी जोडली नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथे सुरू झालं.

सहा पानांचा अहवाल झाला. पूर विभागाला ख, पत्रोत्तर विभागाला ग, चित्र विभागाला ग. क उत्तम, पण ज्या कामासाठी उत्तम ते काम इथे कोणी करत नाही. एकोणीस तळटीपा. शेवटी उजवीकडे, ठळक अक्षरात, तयार करणार म्हणून त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव. ते पान त्यांनी घरी नेऊन बायकोला दाखवलं.

बायको कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिची तीन यंत्रं होती आणि तिला बोलायला फुरसत नव्हती. तळटीपांनी चाळीस मिनिटं तीन कार्डांमधला फरक समजावला. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "म्हणजे शिलाईचं मशीन वेगळं, ओव्हरलॉकचं वेगळं, काजांचं वेगळं. हे सांगायला सहा पानं कशाला?"

तळटीपांना राग आला. तीन आठवड्यांची चाचणी काजांवर आणून ठेवल्याचा राग आला, आणि त्यात काही चूक काढता येईना याचा जास्त आला. ते जिन्यात जाऊन उभे राहिले.

जिन्यात उभं राहणं ही दुसरी चूक. एव्हाना इमारतभर झालं होतं, की हे सरकारी कामाने 'सगळ्यात भारी कॉम्प्युटर' निवडतायत. एका शेजारणीने मुलीसाठी कोणता लॅपटॉप घेऊ विचारलं. दुसरीने आमच्या टीव्हीला तेच कार्ड बसेल का विचारलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर मात्र विषयाच्या मुळाला गेले.

"पहिला कोण आला?"

"तसं नाही हो सर. प्रत्येकाचं काम निराळं. नदीला ख बरं, पत्रांना ग बरं..."

"म्हणजे निकाल राखून ठेवलात," हेडमास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मास्तरकी केली मी. गणितात हुशार, चित्रकलेत हुशार, हे सगळं आई-बापांची समजूत घालायला असतं. शेवटी बेरीज करून नंबर काढावाच लागतो. तुमच्यात धाडस नाही."

तळटीप त्या रात्री जेवताना ताटाशीच पुटपुटत राहिले. धाडस नाही! तीन आठवडे वीज, उष्णता आणि पूरबाई यांच्या सान्निध्यात काढलेल्या माणसाला धाडस नाही!

पण हेडमास्तर एकटे नव्हते. दुसऱ्या दिवशी अहवाल खरेदी कक्षातून परत आला. वर शिक्का: 'नमुना १४ जोडलेला नाही.'

नमुना चौदा म्हणजे तुलनात्मक तक्ता. त्यात चार रकाने ठरलेले: लांबी, क्षमता, वीज, वेग. पाचवा रकाना एकूण. पाचव्यात ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा त्याचा पहिला क्रमांक, आणि ज्याचा पहिला क्रमांक तेच खरेदी होणार. टेबलं, पंखे, पाण्याच्या टाक्या, सगळं याच नमुन्यावर घेतलेलं होतं. खुद्द खरेदीबाबूंचं टेबल याच रीतीने निवडलेलं असल्याने ते लांबीला इतकं होतं की त्यांना खुर्चीपर्यंत जायला अंग चोरून, भिंतीला पाठ घासत जावं लागे. सगळ्या शर्टांची पाठ चुन्याने पांढरी. तरी त्यांचा नमुन्यावरचा विश्वास ढळला नव्हता.

तळटीपांनी पाचव्या रकान्यात 'लागू नाही' लिहून पाठवलं. परत आलं.

"एकूण भरा," बाबू म्हणाले.

"अहो, पण वॅट आणि मिलिमीटर यांची बेरीज कशी होईल?"

"आकडे आहेत ना? आकड्यांची बेरीज होते."

"मापं निरनिराळी आहेत!"

"मापांची बेरीज करायला कुणी सांगितलंय? आकड्यांची करा. आणि खाली ही बारीक अक्षरातली टीप लिहिलीत ना, ती खोडा. नमुन्यात टीपेला जागा नाही."

तळटीपांनी दात ओठ खात बेरीज केली. लांबीचे मिलिमीटर, मेमरीचे जीबी, विजेचे वॅट, आणि सूक्ष्म हिशेबाचा वेग, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी हिशेब. क चा वेग १.३, ख चा ३४, ग चा ०.५. बेरजेत क आलं १,५५९.३ आणि ख ७८२. ग तर कुठच्या कुठे. क पहिलं आलं ते निव्वळ हजार वॅट वीज खातं म्हणून.

"हा तर दोष आहे!" तळटीप ओरडले. "जास्त खातो म्हणून पहिला?"

"मग दोष गुणांच्या रकान्यात कशाला भरलात?"

तळटीप तक्ता घेऊन आपल्या जागेवर परत गेले. मग त्यांनी विजेच्या आकड्यापुढे वजा चिन्ह घातलं. संगणकाने लाल चौकट दाखवली: वजा चालत नाही. मग त्यांनी वीज काढून तिथे वीजबचत भरली, म्हणजे हजारातून वॅट वजा करून उरतील ते. आता क ची बचत शून्य झाली, पण ग ची नऊशे अठ्ठावीस, आणि ते लहानखुरं ग १,१२०.५ घेऊन पहिलं आलं. ख पुन्हा दुसरं. पूरबाई धावत आल्या.

"ग? ज्यावर माझी नदी निम्म्यात थांबली ते?"

"बाई, मी काही केलेलं नाही. बेरजेनं केलं."

"बेरीज कुणी केली?"

पूरबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "धरण भरत आलंय. मला फक्त एवढं सांगा, की या वेळी पण त्याला छपरावर फोन करायचा का?" आणि निघून गेल्या.

तळटीप तसेच तडक खरेदी कक्षात गेले. हीच ती चौथी वेळ. मावसभावाच्या घराला फिकट पिवळा द्यायचं ठरल्यावर बाबूंनी फोन ठेवला, तक्त्यावर नजर टाकली आणि सहानुभूतीने म्हणाले, "तुमचं ते ख मागे का पडतंय सांगू? त्याचा मुख्य आकडाच बारका आहे. चौतीस! चौतीसला काय वजन आहे? आकडा दिसायला भरीव पाहिजे."

तळटीपांनी मनातल्या मनात हिशेब केला. चौतीस लाख कोटी. लाख कोटी म्हणजे हजार अब्ज. चौतीस लाख कोटी म्हणजेच चौतीस हजार अब्ज. वेगाचा रकाना अब्जात भरला तर ख चे चौतीस हजार होतात, क चे तेराशे, ग चे पाचशे. एकही आकडा खोटा नाही. सगळे अगदी खरे, आणि तक्ता मात्र धडधडीत लबाड.

त्यांनी तो दुसऱ्या दिवशी भरला. भरताना आपण कुणी ऐरेगैरे नाही, आपण माप चोरणारे नाही, आपल्या बापाने भाजीवाल्याकडून कधी चिमूटभर कोथिंबीर फुकट घेतली नाही, असं सगळं मनात येत होतं. जीबी एमबीत का नेले नाहीत? कारण तसं केलं असतं तर क पहिलं आलं असतं. इतकं साधं कारण, आणि ते लिहायला टीपेची जागा नाही! शरम आणि संताप यांत शरम थोडी मागे पडली, कारण संतापाला समोर बसलेला माणूस होता. ख: ३४,७४८. क: २,८५८. ग: ७६४. बाबूंनी ताडकन शिक्का मारला.

"बघा," ते म्हणाले, "नीट भरलं की काम होतं."

संचालक तर तक्ता पाहून खूश झाले. "बारापट? दुसऱ्या नंबरच्या बारापट? याला म्हणतात तुलना! तिन्ही विभागांना ख द्या."

"साहेब, फक्त पूर विभागाला! चित्र विभागाला ख नको. त्याला चित्रं काढता येत नाहीत."

"पहिला आलाय ना?"

"हो, पण..."

"मग शिकेल हळूहळू," संचालक म्हणाले आणि सही केली.

आठवड्याने अहवाल छापून आला. सहा पानांपैकी एकच पान, तक्त्याचं. खाली ठळक अक्षरात: तयार करणार, संचालक. इतका ठसठशीत निकाल दुसऱ्याच्या नावाने कसा जाऊ देणार? डाव्या कोपऱ्यात टंकलेखन साहाय्य. तळटीपांनी ते पान उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती. आयुष्यात एकदाच लबाडी केली, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर लागली.

तीन ख आले. आल्यावर तीन आठवड्यांनी धरणाची दारं उघडली. पूरबाईंचा हिशेब दोन तास एकेचाळीस मिनिटांत बाहेर पडला, बाजारपेठेला फोन गेले, आणि पाणी आलं तेव्हा खालच्या रांगेतली दुकानं रिकामी होती. छपरावर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'संचालकांच्या अचूक निवडीमुळे' अशी बातमी आणि फोटो आला. फोटोत संचालकांनी ज्या यंत्रावर अभिमानाने हात ठेवला होता, ते खोली थंड ठेवायचं यंत्र होतं. तळटीपांनी वर्तमानपत्र चार घड्या घालून बायकोच्या चिंध्यांच्या पिशवीत टाकलं. बायकोने काढून परत सपाट केलं आणि म्हणाली, "पण दुकानं वाचली ना? मग तुमचं नाव असो नसो."

"असो नसो कसं? असोच!" तळटीप म्हणाले.

ते नाव अजून यायचं होतं. चित्र विभागात ख ला महिनाभर मुदत देऊनही ते काही चित्र काढायला शिकलं नाही. पत्रोत्तर विभागात ते चाळीस पत्रं संपवून तापत बसे. दोन्ही विभागांनी वर तक्रार केली आणि मुख्य कार्यालयातून एक तपासनीस बाई आल्या. लहान चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, तक्ता पुढे ठेवला आणि बोट टेकवलं.

"हे चौतीस हजार कशाचे?"

संचालकांनी तक्ता आपल्याकडे वळवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. आणि मग तळटीपांचं पूर्ण नाव घेतलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पदवी, सगळं. "हा तक्ता पूर्णपणे यांचा," ते म्हणाले. "पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मी फक्त सही केली. श्रेय दुसऱ्याचं घ्यायची मला सवय नाही."

बावीस वर्षांत न ऐकलेलं वाक्य तळटीपांनी ऐकलं. अंगाची लाही झाली. खालचं छापलेलं नाव दाखवून मोकळं होता आलं असतं. पूरबाई तर डोळ्यांनी तेच सुचवत होत्या. पण तक्ता त्यांचा होता, नदी त्यांनी चालवली होती, आणि लबाडीसुद्धा त्यांचीच होती. हा माणूस ती आधी घेतो काय आणि मग टाकून देतो काय!

"माझाच आहे," ते उभे राहून म्हणाले. "आणि साहेब आत्ता जे बोलले ते इतिवृत्तात लिहून घ्या. चौतीस हजार अब्ज, मॅडम."

"आणि बाकीचे रकाने?"

"मिलिमीटर, जीबी, वॅट."

तपासनीस बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि तुम्ही यांची बेरीज केलीत?"

तळटीपांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस भेटला होता. त्यांनी सगळं सांगितलं. सहा पानी अहवाल, त्यावरचे परत पाठवल्याचे शिक्के, लाल चौकट, वीजबचत, अब्ज. खरेदीबाबू मध्ये दोनदा "नमुन्यात तसंच आहे" म्हणाले. बाईंनी सहाही पानं वाचली, एकोणीस तळटीपांसकट.

"निष्कर्ष बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण मापं बदलून तुम्ही निकाल फिरवलात."

"फिरवला. नाहीतर बाजारपेठ पाण्यात गेली असती."

"गेली असती. ते चांगलं केलंत. पण फिरवलात."

तळटीपांना पहिल्यांदाच स्वतःसारखं बोलणारं माणूस भेटलं होतं.

पंधरा दिवसांनी ठपक्याचं पत्र आलं. प्रती सगळ्या विभागांना, संचालकांनाही. त्यात असं होतं, की तळटीप यांनी (तिथे पूर्ण नाव, ठळक) तिन्ही प्रोसेसरांची प्रत्यक्ष कामांवर चाचणी घेऊन पूर विभागास ख, पत्रोत्तर व चित्र विभागांस ग योग्य, असा निष्कर्ष काढला होता; तो निष्कर्ष अचूक असून त्यानुसार बदल करण्यात यावा; तथापि नमुना १४ मधील माप बदलल्याबद्दल त्यांच्यावर ठपका ठेवण्यात येत आहे.

पूरबाई पत्र हातात नाचवत गणनकक्षात आल्या. मागे खरेदीबाबू, पाठ पांढरी, हातात एक कोरा अर्ज.

"हा अन्याय आहे!" पूरबाई म्हणाल्या. "आख्खी बाजारपेठ वाचवली आणि वर ठपका? तुम्ही अपील करा. मी साक्ष देते, दुकानदार साक्ष देतील."

"नक्की करा," बाबू म्हणाले. "नमुना बावीस. मी आणलाय. अपील मान्य झालं की हे पत्र मुळातच रद्द होतं. सगळ्या प्रती परत मागवून फाडतात. नामोनिशाण राहत नाही."

तळटीपांनी बाबूंच्या हातातला अर्ज घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मग पत्र दोन्ही हातांनी ओढून घेतलं, छातीशी धरलं, आणि रागाने लाल होत म्हणाले, "खबरदार कोणी हात लावाल तर! बावीस वर्षांत माझ्या नावाने निघालेला हा एकच अहवाल आहे, आणि तुम्ही तो रद्द करायला निघालात?"